पानावर थांबलेली काठी

प्रिय बाबा,

जॉर्ज टाउनहून अड्यार काही लांब नाही, चेन्नईतल्या चेन्नईतच, तरी पत्र पाठवतोय. फोनवर तुम्ही “आता काय सोडलंस?” म्हणाल आणि मी भलतंच बोलत बसेन. सोडलं काहीच नाही. येत्या रविवारी मानाजी वाध्यार, म्हणजे माझे गुरू, मला स्वतःची काठी देणार आहेत. किंवा देणार नाहीत, आणि मग मला त्यांच्याकडे पुन्हा जाता येणार नाही.

मी सिलंबम शिकतोय, काठी फिरवायची विद्या. पॉलिटेक्निक सोडलं, कुरिअरची नोकरी सोडली, ते तुम्हाला पाठच आहे. हे मात्र टिकलंय. वाध्यार तंजावरकडचे मराठी. कितीतरी महिने त्यांनी काठीला हात लावू दिला नाही, नुसती पावलं. ओल्या वाळूत ते पायानं चौकोन आखायचे, मी त्यात फिरायचो, लाट येऊन सगळं पुसून जायची, की पुन्हा. एकदा मी परतणाऱ्या होड्या बघत राहिलो. निळ्या होडीत पुढे एक कुत्रं उभं होतं, अगदी कप्तानाच्या थाटात. तर आपल्या तमिळमिश्रित मराठीत म्हणाले, “पाय हितं, तू कुठं डा? जा, पोहून घेऊन ये त्याला.”

आता काठी फिरायला लागली की आधी तिचा आवाज येतो, मग तोही विरतो. समुद्र कुठल्या बाजूला, माझं नाव काय, काही उरत नाही. झोपेत चालल्यासारखं वाटतं, पण एवढा जागा मी एरवी कधीच नसतो. सकाळी पूजेला बसल्यावर तुमचं असंच होतं का? कधी विचारलंच नाही. वाध्यारांना मात्र जोराचं कौतुक नाही. जोर बैलालाही असतो, म्हणतात. भरवेगात आलेली काठी थांबवता आली पाहिजे.

म्हणून काठी देण्याची त्यांची रीत अशी, की शिष्याच्या घरचं एक माणूस डोळे मिटून समोर उभं राहतं, डोक्यावर विड्याचं पान ठेवून. काठी सगळ्या ताकदीनिशी खाली आणायची आणि पानाला टेकता टेकता थांबवायची. पान थरथरलं तर चालतं. माणूस दचकलं, तर काठी नाही. आई मी सांगायच्या आधीच डोळे मिटेल, म्हणून तिला विचारलं नाही. तुम्ही मला स्कूटरची किल्लीसुद्धा देत नाही, ठाऊक आहे. तरी विचारतोय, याल का? तुमचा चष्मा मीच सांभाळला असता, पण माझे हात रिकामे नसतील.

तुमचाच,
तन्मय