आषाढातला राजगिरा

अण्णा, हळकुंड मोडून नुसत्या आवाजावरून ते कुणाच्या रानातलं आहे हे सांगणारे तुम्ही, आणि राजगिऱ्याचं बी बोटभर खोल पुरणारेही तुम्हीच. एकाच माणसाला हे दोन्ही कसं जमलं, याचं मला अजून नवल वाटतं. सांगलीच्या पेठेत आपलं हळदीचं दुकान होतं, शेतकऱ्यांच्या गाड्या रोज दाराशी लागायच्या, पण आपल्या घरात कुणी कधी एक दाणा पेरला नव्हता. परवा माझ्या नातीने गॅलरीतल्या डब्यात धणे पेरले आणि संध्याकाळी ते उकरून पाहिले. तिला रागवायला गेले आणि परसातला आपला वाफाच समोर आला. म्हणून हे लिहायला बसले आहे.

युद्धाचे दिवस होते. रॉकेल मापून मिळायचं, त्यामुळे धाकटा दिवेलागणीला उंबऱ्यावर अडखळला की सगळे अंधाराला बोल लावायचे. तो पाच वर्षांचा आणि मी आठ वर्षांची, नको तिथे नाक खुपसणारी. खरंच अंधार आहे का, हे बघायला मी त्याला एकदा तिन्हीसांजेला अंगणात उभं केलं. आभाळात चांगला उजेड होता. मी चार पावलांवर जाऊन हात वर केला आणि विचारलं, "किती बोटं?" तो म्हणाला, "तू कुठं हायस?" मला हसू आलं. तुम्ही पायरीवर बसून जोडे काढत होता. तुमचा हात तसाच जोड्यावर राहिला.

डॉक्टरांनी रातांधळेपणा सांगितला आणि हयगय केलीत तर पोराचे डोळे कायमचे जातील, हेही सांगितलं. माशाचं तेल द्या म्हणाले, तेव्हा आईने कानांवर हात ठेवले. गाजर म्हणजे कंद, तो आपल्या जैनांच्या घरात येणं शक्य नव्हतं. उरली पालेभाजी, आणि ती तर धाकटा ताटाबाहेर थुंकायचा. तुम्ही तिसऱ्या दिवशी दुकानातून येताना राजगिऱ्याच्या भाजीच्या बियांची पुडी घेऊन आलात आणि म्हणालात, "सोता लावलेलं खाईल त्यो. बघच तू."

आणि आपण चौघं माळी झालो. तुम्ही धोतर खोचून कुदळ मारत होता आणि पाचव्या घावाला कमरेवर हात ठेवून उभे राहत होता. मी ढेकळं फोडत होते. धाकट्याकडे पाणी घालायचं काम. पण आईचा हुकूम असा, की पाण्यातही जीव असतात, तेव्हा झाडांनासुद्धा गाळलेलंच पाणी घालायचं. त्यामुळे तिने कळशीवर फडकं धरायचं, मी ओतायचं आणि धाकट्याने तांब्याने शिंपायचं, असं आमचं रोज चालायचं. पंधरा दिवस झाले, कोंब दिसेना. मी चोरून उकरून पाहिलं, माती आणि माती. शेवटी इस्लामपूरकडून हळद घेऊन येणाऱ्या त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला तुम्ही भीत भीत विचारलंत. तो असा हसला की त्याचा पटका सुटला. "आवं शेटजी, ते काय हळदीचं बेणं हाय व्हय पुरायला? वाऱ्यानं उडणारं बी ते. नुसतं भुरभुरायचं आन् वरनं हात फिरवायचा." तुम्हीही हसलात, पण कान लाल झाले होते.

दुसऱ्यांदा भुरभुरलेला राजगिरा मात्र चवथ्या दिवशी वर आला. धाकटा एकेका रोपापाशी बसून त्याच्याशी बोलायचा. राजगिरा हाताएवढा झाला, पानं तळव्याएवढी झाली, आणि आज खुडायचा म्हणून मी बुट्टी घेऊन निघाले तर आईने मला दारातच थांबवलं. आषाढातली चतुर्दशी होती. चातुर्मास लागला होता. त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत घरात पालेभाजी बंद. पेरण्याच्या गडबडीत तुम्ही तिथी मोजलीच नव्हती. पहिलं बी वाया गेलं नसतं तर पंधरा दिवस तरी पोराच्या पोटात भाजी गेली असती.

तुम्ही म्हणालात, "लेकरांना कशाचा नेम?" आई चुलीपुढे बसली होती, तिने मान वर केली नाही. "पावसाळ्यात पानापानाला जीव असतोय. एका लेकराचे डोळे राखायला किती जीव घ्यायचे, तुमीच सांगा. माझ्या चुलीवर न्हाई शिजायचं ते." मला तेव्हा ती फार कठोर वाटली. धाकट्याला तर काहीच कळेना, आपण लावलेलं आपण का खायचं नाही, हे तो सारखा विचारत राहिला.

मग वाफ्यातले शेंडे नाहीसे व्हायला लागले. आई म्हणायची, "अळ्यांनी खाल्लं." मी जवळ जाऊन पाहिलं. अळी पानाला भोकं पाडते, इथे देठ नखाने खुडलेला होता. शिवाय तुम्ही हल्ली धाकट्याला सकाळीच दुकानात घेऊन जायला लागला होता, आणि तुमच्या कोटाचा खिसा फुगलेला असायचा. दुकानामागे हळद निवडायला येणारी बाई तिथेच तीन दगडांवर भाकरी भाजायची, हे मला माहीत होतं. एका दुपारी धाकट्याच्या तोंडाला चक्क लसणाचा वास आला. बिचारीला लसणाशिवाय भाजी होते हेच ठाऊक नसणार. तुम्ही घाबरून आईकडे पाहिलंत. तिने त्याला मोरीत नेलं, चूळ भरायला लावली आणि पुन्हा चुलीकडे वळली. तुम्हाला वाटलं, वाचलो. मला मात्र कोडं पडलं, कारण शेजारच्या घरात कांदा चिरला तरी आपल्या आईला कळायचं.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी तुमच्या आधी उठले. नुकतं उजाडत होतं. आई न्हाऊन ओलेत्याने वाफ्यापाशी बसली होती. एकेक पान उलटून बघत होती, सापडलेली अळी मऊ कुंच्याच्या टोकावर घेत होती आणि कुंपणापलीकडच्या रुईवर नेऊन ठेवत होती. मी विचारलं, "काय करतीस?" ती दचकली. मग म्हणाली, "तुझे अण्णा खुडायच्या आत सगळं बघाय लागतंय." मी म्हटलं, मग त्यांना सांग की, तुला माहीत आहे म्हणून. तेव्हा ती जे बोलली ते मी शब्दाला शब्द सांगू शकते. "मला ठावं हाय असं कळलं तर ते मला इचारतील. इचारलं तर मला न्हाई म्हणावं लागंल. तू बोलायचं न्हाई. माझी आण हाय तुला."

भाद्रपदात एका संध्याकाळी मी पुन्हा हात वर केला. धाकटा म्हणाला, "तीन. आन् अंगठा वाकडा धरलाईस." आई देवापुढे बसली होती, तिथूनच रडल्याचा आवाज आला. तुम्ही मोठ्याने म्हणालात, देवाची कृपा.

पुढे दर वर्षी क्षमावणीला आपण सगळे एकमेकांची क्षमा मागायचो. तुम्ही आईपुढे हात जोडून जरा जास्तच वेळ उभे राहायचात. तीही तुमच्यापुढे तशीच उभी राहायची. मी लग्न होऊन गेले तरी त्या दिवशी माहेरी यायची, आणि अण्णा, खरं सांगते, ते बघायलाच यायची. तुमच्या शेवटच्या वर्षी तुम्ही मला अंथरुणाजवळ बोलावलंत. आई स्वयंपाकघरात होती. तुम्ही सगळी चोरी कबूल केलीत आणि विचारलंत, "तिला सांगू का गं? लय वर्सं मनात हाय. तिचा नेम मोडला मी." माझं एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "आता कशाला, अण्णा, राहू दे." तुम्ही मान हलवलीत आणि भिंतीकडे वळलात.

आईची शपथ होती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण तुमच्यामागे ती जायला टेकली तेव्हाही मी तिला तुमच्या कबुलीचं काही सांगितलं नाही, आणि तेव्हा तर मला कुणाचीच शपथ नव्हती. तुम्हा दोघांचं एकमेकांबद्दलचं गुपित जगात फक्त मला माहीत होतं, अण्णा, आणि ते मला कुणालाही द्यायचं नव्हतं.