छपरावरचे चौघे

८ जानेवारी

प्रिय दादा,

सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चर्चचा पाळक व्हायला ईश्वरज्ञान महाविद्यालयात गेलेल्या माणसाला तुळयांमधलं अंतर कशाला हवं, ते आधी कळेना. पुढे उलगडलं. गर्दीमुळे दारातून शिरता येईना, म्हणून चौघांनी छप्पर उकरून आजारी माणसाला बाजेसकट प्रभूसमोर खाली सोडलं, त्या बायबलमधल्या प्रसंगावर तुझा परीक्षेचा उपदेश आहे. आणि हे शक्य होतं का, असं तू इंजिनीअर बहिणीला विचारतोयस.

शक्य होतं. छप्पर सपाट, मातीचं. खाली लाकडी तुळया, त्यांवर फांद्या आणि चोपलेला चिखल. तुळया तोडायच्या नाहीत. दोन तुळयांमधला भराव काढला की बाज लांबीने खाली जाते. उकरलेली माती कडेला साचू द्यायची नाही, नाहीतर भार एकाच जागी येतो. चौघांनी उभं राहायचं ते तुळयांवरच. आकृती सोबत आहे.

बाबांचं खुब्याचं हाड छान जुळलंय. वॉकर घेऊन घरभर फिरतात. जन्मभर बस चालवलेला माणूस वॉकर वळवतानाही आधी मागे बघतो. तिसऱ्या मजल्यावरून खाली मात्र अजून उतरत नाहीत.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायची घाई नाही.

तुझी धाकटी

२ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,

अ. आ.

नापास झालो. निम्मं श्रेय तुझं आहे, ते प्रामाणिकपणे पाठवतो आहे.

आमच्या उपदेशशास्त्राच्या सरांना आम्ही कात्री म्हणतो. त्यांची पद्धत अशी, की उपदेश संपला की प्रत्येक श्रोत्याने उभं राहून तो एका वाक्यात सांगायचा. वाक्यं दहा दिशांना गेली, की उपदेश बाद. पहिला उठला आणि म्हणाला, की मातीची छपरं आपल्याला वाटतात त्यापेक्षा मजबूत असतात. दुसऱ्याने उकरलेली माती कडेला साचू देऊ नये, असं सांगितलं. माझा खोलीसोबती बिचारा जीव तोडून मदतीला आला. त्याच्या मते आपणही आयुष्यात तुळईवरच पाय ठेवावा. कात्री सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला एवढंच विचारलं, की तो आजारी माणूस शेवटी खाली पोचला का. तो वरच लटकत राहिला होता. माझा वेळ तुझ्या आकृतीत संपला होता.

मार्चमध्ये आणखी एक संधी आहे. तेव्हाही घसरलो तर अख्खं वर्ष पुन्हा. ज्या छोट्या चर्चमधल्या मंडळीच्या पंचांनी माझी चौकशी केली होती, ते तोवर थांबणार नाहीत. बरीच वर्षं त्यांना पाळक नाही आणि मला तिथेच जायचंय. हे बाबांना आत्ताच सांगू नकोस.

बाबांना सलाम. तुझ्यावरचा लोभ नापास झालेला नाही.

दादा

१० फेब्रुवारी

प्रिय दादा,

सप्रेम सलाम, वि. वि.

आकृती तुझ्या माहितीसाठी होती, मंडळीच्या नव्हे. उपदेशातून माझं सगळं काढून टाक. बाबांना सांगितलेलं नाही. पण पाकिटाच्या जाडीवरून त्यांनी ओळखलंय. पास झाला असतास तर दोन ओळींत आटपलं असतंस.

तो प्रसंग मी पुन्हा वाचला. सगळे बोलतात, टीका करणारेसुद्धा. आजारी माणूस एक शब्दही बोलत नाही. तू हिब्रूच्या परीक्षेत होतास, म्हणून एक गोष्ट तुला सविस्तर कळवली नव्हती. बाबा पडले तेव्हा आपल्या जिन्यातून स्ट्रेचर वळेना. खालच्या चौघा शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून उतरवलं. मी पुढे राहून वळणं सांगत होते. बाबांनी शेवटपर्यंत डोळे मिटून घेतले होते. खाली पोचल्यावर त्यांनी चौघांची माफी मागितली, आपण जड आहोत म्हणून. तेव्हापासून त्यांचं एकच, की उतरेन तर स्वतःच्या पायांनी. आपल्या मंडळीने रविवारी त्यांना चर्चला न्यायला माणसं पाठवायची तयारी दाखवली, तरी नाही.

छप्पर उकरण्यापेक्षा बाजेवर पडून राहणं अवघड असावं. हे तांत्रिक मत नाही.

कळावे. लोभ नेहमीच्या मापाचा.

धाकटी

२४ फेब्रुवारी

चि. पाळकसाहेब यांस,

अ. आ.

मला खुर्चीत घालून उतरवलं, ते उपदेशात सांगू का, असं विचारतोस. नाही. मी अजून जिवंत आहे, उदाहरण व्हायला वेळ आहे. नाव घेणार नाही म्हणतोस, पण तुझा बाप बसवाला हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे.

तुझ्या बहिणीने तुला हे कळवलं, म्हणून मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिच्या ते लक्षातच आलं नाही, तेव्हा पुन्हा बोलायला लागलो.

माझ्या हाताखालचा शिकाऊ ड्रायव्हर सतत माझ्या तोंडाकडे बघायचा. त्याला मी सांगायचो, की रस्ता समोर आहे. तुलाही तेच सांगतो. नापास झालास हे मला कळलंय. जेवत जा.

माया आहे, हे लिहायला लागू नये.

बाबा

१५ मार्च

चि. मोजपट्टीस,

अ. आ.

पास झालो.

तुझ्या तुळया काढल्या, बाबांनी नाही म्हटलं म्हणून त्यांची खुर्चीही निघाली, आणि हातात काही उरलंच नाही. मग फक्त त्या माणसाबद्दल बोललो. तो काही मागत नाही, आपण होऊन पाऊलही टाकत नाही. चौघांच्या हातात स्वतःला देतो, आणि तसाच, सगळ्यांच्या देखत, प्रभूसमोर येतो. शेवटी मी कबूल केलं, की मी उचलणाऱ्यांत राहायची तयारी करून इथे आलोय, बाजेवर पडायची नाही.

वाक्यं बरीचशी एकाच वाटेने गेली. खोलीसोबती म्हणाला, की दुसऱ्याला उचलायला आपण धावतो आणि आपल्याला कोणी उचलू लागलं की अंग चोरतो. मग कात्री सरांनी शेवटच्या बाकावरच्या एका अनोळखी पाहुणीला उठवलं. मी मान वळवली, तर ती तू होतीस. तू म्हणालीस, की स्वतःला उचलू देणं एवढंच त्या माणसाच्या हातात होतं आणि ते त्याने केलं. सरांनी त्यातलं काही कापलं नाही, थेट गुण मांडायला घेतले. दारात येऊन बघतो तर तू पसार.

पंचांचं बोलावणं आलं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी त्यांच्याकडे उपदेश आहे. त्यांना पटला तर पाचारण, म्हणजे तिथला पाळक म्हणून नेमणूक. पुलाच्या तपासणीसाठी या बाजूला आले होते, असंच तू म्हणणार, आणि ते मी मान्य करतो.

लोभ वाढलाय, इलाज नाही.

दादा

२१ मार्च

प्रिय दादा,

सप्रेम सलाम, वि. वि.

अभिनंदन. पूल खरा आहे. रस्ता थोडा वाकडा केला, इतकंच.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, की काय बोलला. मी एका वाक्यात सांगितलं. ते म्हणाले, की एवढ्यासाठी कोणी वर्षानुवर्षं शिकत नाही, सगळं सांग. क्रमाने सगळं सांगितलं. मध्येच त्यांनी विचारलं, की ते स्वतः त्यात कुठे आहेत. कुठेच नाही, म्हटलं. बसवाला असा उल्लेखसुद्धा नाही का, असं पुन्हा विचारलं. नाही, म्हटलं. त्यावर ते वॉकर वळवून खिडकीशी गेले आणि खालचा रस्ता बघू लागले.

काल सकाळी त्यांनी मला खाली पाठवलं, त्या चौघांना एप्रिलचा पहिला रविवार मोकळा आहे का, ते विचारायला. अटी आहेत. खुर्ची दोन्ही बाजूंना हात असलेली हवी. मी पुढे चालायचं नाही. वळणं ते स्वतः सांगणार, डोळे उघडे ठेवून. चौघेही हो म्हणाले. त्यांतल्या एकाने कुठे जायचंय तेसुद्धा विचारलं नाही.

तेव्हा त्या रविवारी तुझ्या उपदेशाआधीची गीतं जरा लांबव. आम्हाला उतरायला वेळ लागेल.

लोभाचं माप या वेळी घेतलेलं नाही.

तुझी धाकटी