लग्नाचा टाइप आणि कुंकवाचा आरसा

मास्तर, काल नातीच्या लग्नाची पत्रिका छापून आली आणि तुम्ही आठवलात. नवरानवरीची नावं त्याच वळणदार अक्षरात आहेत. पण ठिकाण, वेळ, मामामावश्या, सगळंच त्यात, नुसती वेटोळी. तुम्ही म्हणाला असता, "ही मिठात भाजी घातलीय."

राहात्याला तुमच्या छापखान्यात तो टाइप वेगळ्या खणात असायचा, खाली मखमलीचा तुकडा. आपण त्याला लग्नाचा टाइप म्हणायचो. रेघ बोरूनं ओढल्यासारखी जाड सुरू होते आणि शेवटाला सुईएवढी बारीक. वेलांटी म्हशीच्या शिंगासारखी मागं वळलेली. शेपटं इतकी नाजूक, की खिळा, म्हणजे ते शिशाचं अक्षर, खाली पडला की संपला. म्हणून तो फक्त 'शुभविवाह' आणि दोन नावांपुरता. घोडेगावच्या बाजारातला एक व्यापारी बैलांच्या जाहिरातीला तोच टाइप मागत बसला, तर तुम्ही चष्म्यावरून बघून विचारलंत, "पाव्हणं, बैल इकायचाय का उजवायचाय?"

माझं काम, छापून झालेले खिळे रॉकेलनं धुऊन ज्याच्या त्याच्या घरात टाकायचं. पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, "वाचता येतं का? न्हाई तर उद्या येऊ नको." मी म्हणाले, "येतं की." साफ खोटं. शाळा दुसरीत सुटलेली, होतं तेवढं शेणाबरोबर सारवलं गेलेलं. पण शेळ्या जशा तोंडावरून कळतात तसे मला खिळे कळायला लागले. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. तुम्ही जुळवताना पुटपुटायचात, ते ऐकत मी उलटंच शिकले. खण बरोबर भरायचे, तुम्हाला शंका येईना.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीची लग्नसराई सरली आणि तुम्ही एक कार्ड पुढं केलंत. मधोमध त्याच टाइपात दोन शब्द. "वाच." कागदावर सगळी अक्षरं तोंड फिरवून बसलेली. त्या टाइपात दुसरं काय असणार? ठोकून दिलं, "शुभविवाह." तुम्ही कार्ड माझ्या पुढ्यातच ठेवून परत जुळणीला बसलात. मी मनात म्हटलं, ऊठ बाई, खुरपं शोध.

दुसऱ्या दिवशी हिशेब करून घ्यायला आले, तर माझ्या जागेसमोर भिंतीला आरसा टांगलेला. तुम्ही खिळे जुळवत, मान वर न करता म्हणालात, "कुंकू नीट बघत जा. काळ्या हातानं फिसकटतं, गिऱ्हाईक काय म्हनंल?"

तुम्ही चहाला गेलात तेव्हा मी ते कार्ड आरशापुढं धरलं. अक्षरं पलटली, ओळखीची झाली. माझं नाव होतं ते, आडनावासकट. माझ्या लग्नाला कुठली पत्रिका? अक्षता वाटल्या, झालं. नाव छापलेलं पहिल्यांदाच बघत होते.

रोज एक छापील कागद त्या आरशापुढं धरून, मग सरळ बघून, मी वाचायला शिकले. पुढं जुळणीलाही बसवलंत मला. आरशाचं तुम्ही कधी विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही.

आता हे पत्र टाकायचं तरी कुठं? राहू दे त्या कार्डाबरोबर ट्रंकेत. पण एवढं सांगते, त्या आरशात कुंकू मी एकदाही बघितलं नाही. रोज तिरपंच असायचं, आणि तुम्ही एकदाही टोकलं नाहीत.