खुर्चीवर बसलेले सगळे विरोधक

चि. धाकट्यास,

अक्काचे आशीर्वाद. मागच्या पत्रात लिहायचे राहिले होते, तेव्हा या खेपेला दोनदा धर. तुझी तब्येत विचारत नाही, कारण पेपरातला फोटो पाहिला, त्यात तुझं पोट तुझ्या आधी आलं आहे. तुझ्या बायकोला म्हणावं, गुडघ्याला शेक दे, लोकांना सल्ले नंतर दे.

तुझे दाजी आहेत तसे आहेत, म्हणजे निम्मे आहेत. पोटातल्या गाठीचं औषध दर तीन आठवड्यांनी शिरेतून देतात आणि पुढचे दहा दिवस घरात कामाला दोघंच, ओकारीचं भांडं आणि मी. एकतीस वर्षं ज्या पट्ट्यानं हवालदाराची पँट जागेवर ठेवली, त्याला मी खिळा ठोकून तीन नवी भोकं पाडली आहेत. (चौथं पाडायला लागू नये एवढंच. बाकी माणूस बारीक बरा दिसतो.) डॉक्टर म्हणाले, गांजाच्या तेलाचे थेंब दिले तर मळमळ थांबेल, चार घास जातील, पण कायदा नाही, मला लिहून देता येत नाही. हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की मला वाटलं खाटेखाली कोणी बसलंय. मी म्हटलं, आणू कुठूनतरी. तर तुझे दाजी चार दिवसांत पहिल्यांदा आपले आपण उठून बसले. ज्याच्यापायी मी लोकांची गचांडी धरली, ते आता मी चमच्यानं घेऊ? कायदा होऊ दे, मग बघू. अंगात त्राण नाही आणि ताठा मणभर. पुन्हा आडवे झाले आणि भांडं मागितलं.

मग कायदा करायला मलाच निघावं लागलं. गांजाच्या औषधाला परवानगी द्यावी का, यावर तुझी समिती नगरभवनात लोकांचं म्हणणं ऐकणार, हे नातीनं फोनवर वाचून दाखवलं आणि गाडीनं मला नेऊन सोडलं. तिथे दोन भिंतींना दोन रांगा होत्या. वर पाट्याही होत्या म्हणे, पण माझा चष्मा पिशवीत, पिशवी नातीकडे आणि नात गाडी लावायला गेलेली. एका रांगेत माणसं उभी, दुसऱ्या रांगेत खुर्च्या. तू माझा भाऊ आहेस, मी कुठे गेले असेन ते तुला सांगायला नको. खुर्च्या विरोधकांनी मांडल्या होत्या, हे मला मागाहून कळलं. ती अठरा धडधाकट मंडळी सकाळी आठलाच बस करून आली, गोदामातून खुर्च्या काढल्या, नावं दिली आणि चहाला गेली. औषध मागणारी माणसं उशिरा आली. (आजारी माणसाला उठून तोंड धुवेपर्यंतच नऊ वाजतात, हे तुमच्या समितीला कोणी सांगायचं?)

समोरच्या भिंतीला एक शिंपीण, कडेवर सहा वर्षांची पोर. त्या पोरीला दिवसातून पाच-सहा वेळा झटके येतात. तिला मी हात करून बोलावलं आणि शेजारी बसवलं. मग काठीवाल्या मास्तरांना. मग ज्याचे हात थरथरतात त्या गवंड्याला. मला काही कोणाचा कळवळा नाही, पण रिकाम्या खुर्चीसमोर लंगडा माणूस उभा दिसला की माझंच डोकं दुखतं. बघता बघता तिघं सोडून सगळी रांग इकडे आली. तेवढ्यात तुमचा कारकून वही घेऊन आला आणि खुर्चीवार नावं लिहून सह्या घेत गेला. मथळा आधीच लिहिलेला होता, तो कोणी वाचला नाही. शिंपिणीनं पोरीचंही नाव घातलं.

मला बोलायला दोन मिनिटं मिळाली. मी पायऱ्यांपासून सुरुवात केली, कारण पायऱ्या फार उंच आहेत आणि कठडा हलतो. मग दवाखान्याच्या पायऱ्या, मग तुझ्या दाजींचा पट्टा, आणि गांजाचं नाव तोंडात येणार एवढ्यात घंटा वाजली. मी चिडून काठी उगारली. तू मंचावरून मान डोलावलीस. मला वाटलं, भाऊ विरघळला. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा काठीसकट फोटो, खाली 'ज्येष्ठ महिलांचा संताप', आणि आकडा : विरोधात एकेचाळीस, बाजूनं तीन. साठ वर्षांत पहिल्यांदा अक्का आपल्या बाजूची निघाली म्हणून तू डोलत होतास, होय ना?

शिंपिणीचा फोन आला. चिडली नाही, एवढंच विचारलं, "आजी, माझ्या पोरीचं नावपण त्याच यादीत गेलं का?" मी हो म्हटलं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

असो. पोटाची काळजी घे.
तुझी अक्का

ता. क. मंगळवारी तुमची बैठक आहे. उभा राहा आणि सांग की यादीतली एकोणीसपासून एकेचाळीसपर्यंतची नावं चुकीच्या खुर्चीवर बसली होती आणि त्यांना बसवणारी माझी बहीण होती. लाज वाटेल. वाटू दे. शाळेची काच तू फोडलीस आणि छड्या मी खाल्ल्या, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बुधवारपासून सांगेन.

ता. क. २. हे वाचून फाड. त्या शिंपिणीनं पोरीसाठी चोरून मिळवलेल्या बाटलीतलं निम्मं तेल मला आणून दिलं. नऊ दिवस झाले, तुझ्या दाजींच्या सूपमध्ये थेंब घालते आहे. त्यांना पत्ता नाही. काल दुसरी वाटी मागितली. माझ्या हातालाच चव आली म्हणतात.

ता. क. ३. (अक्षर वेगळे आहे, याची नोंद घ्यावी.) वरील पत्र पेटीत टाकण्यासाठी माझ्या ताब्यात देण्यात आले. पाकीट उघडे आढळल्याने वाचले. सूपमधील वस्तू पहिल्याच दिवशी वासावरून ओळखली, एकतीस वर्षांचा अनुभव आहे. जप्त केली नाही. संपवली. मला माहीत आहे हे हिला माहीत नाही, तसेच राहू द्यावे. मंगळवारी उभे राहावे, मेहुणे. चोरून जेवणे या वयात शोभत नाही. मला धरायला कोणी पाठवणार असाल तर दोननंतर पाठवा. एक ते दोन मी जेवतो.