ठमीचा माज आणि माझा एकतीस वर्षांचा अनुभव

३ फेब्रुवारी, सकाळ
ठमी कालपासून गळा काढून ओरडतेय. फरशीवर लोळते, मागचं अंग वर करून शेपूट बाजूला घेते. सूनबाई प्रेरणा म्हणाली, मांजर हीटवर आलीय, ऑपरेशनची तारीख घेतलीय. कॅन्सल करायला लावली. पशुधन पर्यवेक्षक म्हणून एकतीस वर्षं गायी-म्हशींचा माज ओळखला, एवढीशी मांजर मला नाय सांभाळता येणार? प्रेरणाची अट: पिल्लं झाली तर ठमी देवगाव रंगारीला, आमच्या गावच्या घरी. नात संस्कृती म्हणाली, आजोबा, सगळं तुमच्यावर आहे. लई बरं वाटलं.

सायंकाळी
गाय चोवीस तासांत शांत होते. मांजर केवढीशी! बारा तास धरले. गॅलरी बंद.

४ फेब्रुवारी
बारा तास संपले. ठमीला हे कुणी सांगितलेलं दिसत नाय. खाली बोका ठाण मांडून बसलाय. शेजारच्या आशाबाईंनी विचारलं, घरात कुणाला मारताय का?

५ फेब्रुवारी
गायीएवढी सवलत दिली, वर अर्धा दिवस. शास्त्राप्रमाणं माज संपला. आता ओरडते ती नुसती सवय. गॅलरी उघडली. बिचारी मोकळ्या हवेत गेली.

६ फेब्रुवारी
आली परत. मानेवर दाताची खूण. बोक्याशी भांडली असणार. स्वाभिमानी आहे.

११ फेब्रुवारी
घर एकदम गप. मुलगा सुदर्शनला म्हणालो, अनुभव म्हणतात तो हाच. तो मोबाइलमध्ये बघत हो म्हणाला.

२७ फेब्रुवारी
एकवीस दिवस उलटले, माज परत नाय. गायीचं असं झालं की मी रजिस्टरला 'गाभण' लिहायचो. मांजरीला शिस्त लागली म्हणायचं.

१० मार्च
ठमी अंगानं भरली. प्रेरणा नुसती तिच्या पोटाकडं बघते. मी म्हणालो, दूध मानवलं. संस्कृतीनं विचारलं, आजोबा, खरंच ना? खरंच, म्हणालो. मला जेवण गेलं नाय. उन्हामुळं असेल.

१४ मार्च
जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ठमीचं पोट चाचपलं. चार तरी आहेत म्हणाल्या. मांजरीचा माज आठवडाभरही चालतो, गाभण राहिली नाय तर दोन-तीन आठवड्यांत परत येतो म्हणे. वर विचारलं, काका, तुम्ही खात्यातलेच ना? म्हणालो, मी मोठ्या जनावरांचा. संस्कृतीनं ठमीची टोपली माझ्या हातातून काढून घेतली.

१६ मार्च, देवगाव
अट म्हणजे अट. प्रेरणा म्हणाली, बाळंतपणाला जाणकार माणूस पाहिजे, बाबा, तुम्हीही जा. स्टँडवर संस्कृती ठमीच्या टोपलीला मिठी मारून रडली. माझ्याजवळही आली असती. बस सुटली.