न उघडलेल्या पाकिटाचे पेढे

प्रिय दयानंदा,

फोनवरच बोलले असते, पण माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तू "आई, तू टेन्शन घेऊ नको" म्हणतोस आणि फोन ठेवतोस. पत्र असं मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहिते आहे. बसून वाच.

वेळ अमावस्येला तू आंबील शिंपडत शेताला फेरी मारत होतास, तेव्हा उदबत्तीला काडेपेटी मिळेना. तुझ्या मोटारसायकलच्या डिक्कीत हात घातला, तर हाती लागलं लातूरच्या दवाखान्याचं पाकीट. वर माझं नाव, माझं वय, माझ्या स्कॅनची तारीख. त्याच्या आठ दिवस आधी तू हेच आणायला गेला होतास ना? येताना अर्धा किलो पेढे आणलेस. "आई, रिपोर्ट लई चांगला हाय!" तुझ्या बापूंनी साखरेचा आजार असून दोन खाल्ले. सटवाजीभावजींनी तर पारावर जाऊन सगळ्या गावाला सांगितलं.

आधी वाटलं, वाईट काही निघालं असेल आणि तू लपवलंस. मग पाकीट उलटं केलं, तर दोन्ही पिना जागच्या जागी. म्हणजे तू वाचलंच नव्हतंस! अरे, न उघडलेल्या पाकिटाचे पेढे वाटलेस तू? बाजारात तुरी म्हणतात ते हेच. मंगळवारी डॉक्टरांना दाखवायचं होतं, तो मंगळवारही घालवलास.

पाकीट पदराखाली घेतलं. कडब्याच्या कोपीजवळ पंगत बसली होती, सगळ्यांना पालेभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे वाढले. तू वर मलाच म्हणतोस, "आई, आज लई खूश दिसायलीस." तेव्हा पळी तुझ्या डोक्यात घालावीशी वाटली होती, खरं सांगते. दुसऱ्या दिवशी तू नोकरीवर नांदेडला गेलास. डिक्की उघडून बघायची हिंमतही तुला झाली नसेल.

मला राग कशाचा आला ते ऐक. ऑपरेशन माझ्या छातीचं झालं, सहा किमो माझ्या शिरेत गेले, केस माझे गळले. दर तीन महिन्यांनी त्या मशीनमध्ये मी झोपते. स्कॅनच्या आधी पंधरा दिवस साधा खोकला आला तरी आजार परतला वाटतं, पाठ दुखली की हात तिथंच जातो. हे कुणाला सांगायला जावं तर लेक असून शिवांगी विषय बदलते, बापू उठून गोठ्यात जातात आणि तू म्हणतोस टेन्शन घेऊ नको. घ्यायचं नाही तर ठेवायचं कुठं ते? तीस वर्षं अंगणवाडीत मी पोरांची वजनं केली. काट्यावर जे येई ते आईच्या तोंडावर सांगितलं. कमी भरलं तर जास्त स्पष्ट सांगितलं, कारण तिलाच पोर जगवायचं होतं. आणि माझ्या घरात माझाच काटा माझ्यापासून लपवता?

काल सकाळच्या गाडीनं मी एकटी लातूरला गेले. बापूंना सांगितलं, उदगीरला लुगडी बघायला जाते. खोटं बोलायला तुझ्याकडूनच शिकले.

डॉक्टरांनी फुप्फुसात ज्वारीच्या दाण्याएवढा डाग दाखवला. जुन्या न्यूमोनियाचा असेल, नसेलही, आज सांगता येत नाही म्हणाले. फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी पुन्हा स्कॅन. वाचलास? ना चांगला, ना वाईट. असाही रिपोर्ट असतो, आणि त्याच्यावर पेढेही वाटता येत नाहीत अन् रडताही येत नाही.

आता जे सांगायला हे पत्र लिहिलं, ते लिहिते. नंबर लागेपर्यंत दोन तास मी दवाखान्याच्या बाकावर ते पाकीट मांडीवर घेऊन बसले होते. उघडून बघावं म्हणून चारदा पिनेला नख लावलं. नाही निघाली रे. शेवटी नर्सनं काढली. तेव्हा कळलं, आठ दिवस तू काय घेऊन फिरत होतास ते. राग अजून आहेच, जाणार नाही इतक्यात. पण त्या बाकावर माझ्या शेजारची जागा मोकळी होती आणि मला तुझीच आठवण येत होती.

त्या गुरुवारी रजा टाक. माझ्या पुढं पळत डॉक्टरांकडे जायचं नाही, शेजारी बसायचं. या वेळी पिन मीच काढीन, तू फक्त पाकीट धर. सोडू नको.

अजून रागावलेली, तरी तुझीच,
आई