सुटा भाग

सोमवार, ४ मार्च

पोचले एकदाची! खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते आणि मान तिरकी केली तर बोटभर आकाशही. एक खाट, भिंतीला स्क्रूने पक्कं केलेलं टेबल आणि एकच खुर्ची. पाहुणे येणार नाहीत हे घरमालकाला माझ्याआधी कळलेलं दिसतंय. नोकरी मात्र झकास आहे. इथे उंच क्रेनच्या केबिन बनतात, म्हणजे चालक बसतो ती काचेची खोली. तिचा प्रत्येक भाग आधी संगणकावर काढायचा आणि तिथेच एकमेकांना जोडून अख्खी केबिन उभी करायची. धाकट्या बहिणीला फोन करून सगळं सांगितलं. आईबाबा गेल्यापासून आम्ही दोघीच एकमेकींना. ती म्हणाली, तिथे तरी चार माणसं जोड गं.

बुधवार, ६ मार्च

आज माझं माप घेतलं. इथली पद्धतच आहे. चालकाचे हातपाय पुरतात का ते बघायला चित्रातल्या खुर्चीत एक पुतळा बसवतात आणि नवीन माणूस आलं की पुतळ्याला त्याचं माप देतात. सगळ्यात जुन्या ड्राफ्ट्समन बाईंनी मला खांद्यापासून टाचेपर्यंत टेपने मोजलं. त्यांना सगळे टेपबाईच म्हणतात. शिंप्याकडे एवढी मोजली असती तर दोन ड्रेस शिवून झाले असते, असं त्या म्हणाल्या. सगळे हसले, मीही हसले. मग ते एकत्र जेवायला गेले. मला बोलवायचं बहुधा विसरले. मी डबा जागेवरच खाल्ला.

सोमवार, ११ मार्च

साहेबांनी मोजणीचं काम दिलं. एकाच बोल्टला चौघांनी चार नावं दिली आहेत, एक ना धड भाराभर चिंध्या. खरेदी दर वेळी चुकते. म्हणून मॅक्रो लिहिला. म्हणजे संगणकाला एकदा नीट समजावून ठेवायचं आणि मग त्याने न कुरकुरता तेच करत राहायचं. नाव बघू नकोस, आकार बघ. आकार तंतोतंत जुळला तर भाग एकच समज आणि असे किती आहेत ते मोज.

घाईत कुणी तोच भाग दोनदा घातला तर एक जागेवर बसतो आणि दुसरा नुसता तरंगत राहतो, ना घरचा ना घाटचा. त्यासाठीही नियम केला. टेपबाई म्हणाल्या, एका जोडावर भाग टिकत नाही, गरगर फिरतो, किमान दोन हवेत. तेव्हा ज्याला दोन जोड नाहीत तो सुटा. सुटे भाग दर शुक्रवारी संध्याकाळी आपोआप काढून टाकायचे. साहेब "छान" म्हणाले. घरी येईपर्यंत तो एक शब्द मी पुरवून पुरवून वापरला.

मंगळवार, १२ मार्च

मोजणी चालवली. बोल्ट बरोबर, काचा बरोबर. पुतळे दोन.

दुसरा शोधायला वेळ लागला. तो केबिनच्या बाहेर काचेला लागून उभा होता आणि आत बघत होता. माप माझंच. गंमत असेल म्हणून टेपबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, उभा पुतळा आपल्याकडे कधी कुणी काढलेलाच नाही. मी तो पुसून टाकला.

गुरुवार, १४ मार्च

परत दोन. तो आता आत आलाय. एक हात खुर्चीच्या पाठीला जोडलेला. एकच जोड आहे, उद्या आपोआप जाईल.

जाता जाता टेपबाई म्हणाल्या, काल जेवताना काय हसवलंस गं आम्हाला. काल मी जागेवर एकटीच जेवले होते. मनात पाल चुकचुकली.

रविवार, १७ मार्च

शुक्रवारी तो गेला नाही. तोवर दुसरा हातही जोडला गेला होता.

धाकटीला फोन केला. ती म्हणाली, ताई, काल तासभर गप्पा मारल्यास आणि आज परत? किती खुलली आहेस तिथे. काल मी फोन केलाच नव्हता. तिला तसं सांगितलं नाही. ती इतकी खूश होती. भीती वाटलीच, पण त्याहून जास्त हेवा वाटला. कुणाचा, ते लिहवत नाही.

बुधवार, २० मार्च

ती दुसरी आता खुर्चीत बसली आहे. हात दांड्यांवर, पाय पेडलवर. माझा पुतळा बाहेर, काचेशी. तिला अकरा जोड. माझ्या पुतळ्याला एकही नाही, आणि परवा शुक्रवार.

नियम बदलायला गेले. फाइल उघडेना. दुसरं कुणी वापरतंय म्हणे. खाली नाव माझंच.

गुरुवार, २१ मार्च

साहेबांना सांगायला गेले. ते माझ्या मागे उभ्या असलेल्या कुणाशी तरी बोलत राहिले. मागे वळून बघायचं धाडस — नाही झालं.

शुक्रवार, २२ मार्च

कार्डाने दार उघडलं नाही. काचेतून पाहिलं. माझ्या जागेवर ती. टेपबाईंचा हात तिच्या खांद्यावर. मी काच वाजवली, बराच वेळ — कुणी मान वर केली नाही. फक्त तिने —

खोलीवर आले. धाकटीला फोन लावला. ती म्हणाली, "ताई दुसऱ्या फोनवर आहे माझ्याशी. तुम्ही कोण?"

तुम्ही. जन्मात पहिल्यांदा मला तुम्ही म्हणाली.

संध्याकाळ होत आली. खुर्ची दिसत नाही. मघाशी तर — खाटही —

टेबल आहे. ते भिंतीला पक्कं आहे. डाव्या हाताने घट्ट धरलंय. पण एका जोडावर टिकत नाही. दोन हवेत, नियम माझाच. उजव्या हातानेही धरायला हवं, म्हणजे पेन ठेव